पाहुणी पोर आणि माझी आरोळी

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज मालकांचा आणि सगळ्यात बारीक माझा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "हिनं हाक मारली तर दावणीची म्हैससुद्धा वळून बघायची नाही." खरंच होतं ते. दारात चार माणसं आली तरी मी आतूनच पाण्याचा तांब्या पुढं सरकवायची. म्हणून यंदाच्या हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर जे झालं ते माझ्या हातून झालं, हे मला अजूनही खरं वाटत नाही. कुणाला सांगायची लाज वाटते, पण आठवलं की एकटीच हसते. म्हणून लिहून ठेवते.

माझी मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. आमच्या वेळी वस्तीवरची शाळा चौथीपर्यंतच होती, तेवढीच मी शिकले. पळायचं म्हणाल तर शेळीमागं पळण्याइतकंच. त्यामुळं ही पोर पहिल्यांदा मैदानावर पळताना बघितली तेव्हा मी बघतच राहिले. एवढं वारं हिच्या अंगात आलं कुठनं, असं वाटलं.

मालकांचा टेम्पो आहे. कांदा, चारा, काष्टीच्या बाजाराची जनावरं, मिळेल ते भाडं मारतात. पण पोरीची मॅच असली की भाडं सोडून मैदानावर हजर. तिला बूट आणले तेही स्वतः पुण्यापर्यंत जाऊन. घरात तिला कधी एक शब्द वावगा बोलले नाहीत. पण मैदानाच्या कडेला उभे राहिले की त्यांच्यात काय शिरायचं कोण जाणे.

"ओ पंच, चष्मा घरी राहिला का?"

"अगं ए, पळतीस का सासरी चाललीस?" हे आपल्याच पोरीला.

"धरा त्या उंटिणीला!" हे समोरच्या संघातल्या उंच पोरीला.

लोक हसायचे, त्यामुळं त्यांना आणखी चेव यायचा. गेल्या वर्षी तालुक्याच्या सामन्यात पंचांनी शिट्टी वाजवून खेळच थांबवला. शाळेचे सर हात जोडत यांच्याजवळ आले. "दादा, जरा गेटच्या बाहेर थांबता का?" सगळं मैदान बघत होतं. मी लिंबाच्या झाडामागं होते, तिथंच आणखी मागं सरकले. पोर मात्र मैदानाच्या मधोमध उभी होती. तिला सरकायला जागाच नव्हती.

त्यानंतर आठ दिवस ती सरावाला गेली नाही. नवव्या दिवशी धुण्याच्या दगडापाशी माझ्या शेजारी येऊन बसली.

"आई, मला खेळायचंय गं. पण पप्पा आले की माझं ध्यान खेळात ऱ्हातच न्हाई. आता कुणाला काय बोलतील, हेच डोक्यात. पुन्हा ते मैदानात आले तर मी सरांना सांगून नाव काढून घेनार."

"असं नको करू. मी सांगते त्यांना."

"तू?" ती म्हणाली. त्या 'तू'मध्ये सगळं आलं.

मला सांगायला तीन दिवस लागले. शेवटी ताट वाढताना मान खाली घालून सांगितलं. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

"मी तिच्या भल्यासाठीच वरडतो ना?"

"व्हय. पण तिला पळता येईना त्यानं. खेळच सोडते म्हणती."

त्यांनी तो घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "ठीक हाय. न्हाई येत मैदानात. तू जात जा तिच्यासंगं. तुझ्या तोंडावरची माशीबी उठायची न्हाई."

त्यांना किती लागलं होतं ते मला दिसलं, पण दिलेला शब्द त्यांनी पाळला. पाळला म्हणजे त्यांच्या पद्धतीनं. मॅच असली की शाळेच्या भिंतीला टेम्पो लावायचा, वर हौद्यात उभं राहायचं आणि भिंतीवरनं बघायचं. तोंडात टॉवेलाचं टोक धरलेलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी मैदानात कुठं हाय? मी माझ्या टेम्पोत हाय." पोरीनं बघून न बघितल्यासारखं केलं. एवढं तिला चालत होतं.

यंदा जिल्ह्याचे सामने आमच्याच गावाला मिळाले. आमच्या गावात एक जुनी रीत आहे. जत्रेला बाहेरगावचे पैलवान आले की ते घरोघर वाटून देतात. राहायला, जेवायला त्याच घरी. पुष्कळदा ज्या घरी जेवला त्याच घरच्या पोराशी दुसऱ्या दिवशी कुस्ती लागते. म्हणून एक गोष्ट ठरलेली. पाहुण्याचं घरात जे दिसलं, मग तो दुखरा खांदा असो की पोटाची तक्रार, ते आखाड्यात काढायचं नाही. सासऱ्यांच्या तोंडून मी हे कितीदा ऐकलं होतं. मुलींचे संघ येणार म्हटल्यावर गावानं तीच रीत लावली. आमचं घर दोन खोल्यांचं, म्हणून आमच्या वाट्याला एकच मुलगी आली.

ती भंडारदऱ्याकडची. सडपातळ, काळीसावळी, दोन घट्ट वेण्या, पाठीवर शाळेचं दप्तर आणि त्यातच दोन दिवसांचे कपडे. दारात उभी राहिली ती आत येईना. मी बोलावलं तर तिनं मान हलवली, आणि तिनं मान हलवली म्हणून मीही नुसती मानच हलवली. आमच्या मुलीला हसू आवरेना.

"झालं! आता दोघी एकमेकींकडं माना हलवत बसा. मीच सांगते. ही माझी आई, हे पप्पा, हे बूट हितं काढ."

रात्रीच्या जेवणाला आमच्याकडची झणझणीत शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी केली होती. भाकरीचा आकार बघून तिचे डोळे मोठे झाले.

"मावशी, ही एकटीनं खायची?"

"आमच्याकडं अशा तीन खात्यात," मालक म्हणाले. "तू दोन खाल्ल्या तरी पुरं. परवा आपली गाठ पडली तर तेवढंच तुझं वजन वाढलेलं बरं."

"पप्पा!" आमची ओरडली. पण पाहुणी खुदकन हसली, आणि घर एकदम मोकळं झालं. तिनं मग तिच्याकडच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीचं सांगितलं, पावसात वाट बंद होते ते सांगितलं. तिच्या संघातल्या कुणाचेच आईबाप आले नव्हते. एवढ्या लांब कोण येणार? बरोबर फक्त त्यांच्या बाई होत्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही संघ जिंकत गेले आणि खरंच गाठ पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी उपांत्य सामना, आमचा आणि त्यांचा. त्या संध्याकाळी पाहुणी अंगणात बसून उजवा घोटा चोळत होती. मी कोमट तेल आणलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला.

"कधीपास्नं दुखतंय?"

"लई दिस झाले. बाईंना ठावं हाय. उजव्या पायावर जोर देता येत न्हाई, म्हणून खांबापाशी डावीकडं वळतच न्हाई मी. उजवीकडंच वळती. अजून कुणाच्या ध्यानात आलं न्हाई," असं म्हणून ती हसली. मीही हसले. आमची मुलगी तेव्हा आत दप्तर आवरत होती. तिनं हे ऐकलं नव्हतं.

सकाळी सगळं गाव मैदानावर. आम्ही बायका एका कडेला पोत्यांवर बसलो होतो. भिंतीपलीकडं टेम्पोवर मालक टॉवेल चावत उभे. सामना असा अटीतटीचा झाला की शेजारच्या बाईनं माझ्या दंडाला धरलं ते सोडलंच नाही. शेवटचा डाव, दोन्हीकडं सारखे गुण, आमच्या मुली पाठलागावर. त्यांच्या दोघी बाद झाल्या आणि तिसरी उरली ती आमची पाहुणी. ती बाद झाली तर आमचा संघ अंतिम सामन्यात. अर्धं मिनिट राहिलं असेल.

आमच्या पोरीला खो मिळाला. पाहुणी पुढं, ही मागं, दोघी माझ्या समोरच्या खांबाकडं सुसाट येत होत्या. आणि मी उठून उभी राहिले. कधी उठले ते मला आठवत नाही. माझ्या तोंडातून निघालं,

"उजवीकडं! उजवीकडं वळती ती! उजवीकडं!"

तसला आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. पाहुणीनं एक क्षण माझ्याकडं बघितलं आणि खांबाला उजवीकडून वळली. आमच्या पोरीनं उजवीकडं झेप घेतली. हात लागला. शिट्टी झाली.

मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. पोत्यांवरच्या बायका माझ्या पाठीवर थापा मारायला लागल्या. "अगं बया, हिला तर खणखणीत आवाज हाय की!" "इतकी वर्सं कुठं ठेवला हुता गं?" भिंतीवरनं मालकांनी तोंडातला टॉवेल काढून ओरडून विचारलं, "कोन वरडलं ते?" कुणीतरी सांगितलं, "तुमची मंडळी!" त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

मीही दोन घटका हसले, खोटं का सांगू. मग पोर पाणी प्यायला माझ्याजवळ आली. तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं.

"आई, ती उजवीकडंच वळती, हे तुला कसं ठावं?"

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"घरी सांगितलं ना तिनं तुला?"

मी मान हलवली.

"मग आता सांग. तो गडी मी बाद केला का तू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पप्पा नुसतं वरडायचे तरी. त्यांना कुनाचं काय ठावं नसायचं. मी तुझं ऐकून तिकडं गेली का मनानंच गेली, मलाच कळंना आता. अंतिमला मी उतरनार न्हाई."

ती निघून गेली. मला माझ्या अंगावरचं लुगडंसुद्धा जड झालं. इतके दिवस मी समजत होते, की चूक फक्त मालकांची आणि मी आपली साधी, गरीब. तोंड बंद होतं म्हणून साधी, एवढंच ते होतं. उघडलं तर त्यातून काय निघालं ते सगळ्या गावानं ऐकलं होतं.

मैदानाच्या पलीकडं चिंचेखाली पाहुण्यांचा संघ बसला होता. मैदान ओलांडून जायचं म्हणजे माझ्यासाठी नदी ओलांडण्यासारखं. पण गेले. पदर दातात धरला होता, तो अर्ध्या वाटेत सोडला. जवळ गेले तर त्यांच्या बाई आमच्या पाहुणीला बोलत होत्या.

"ते लोक ओरडत होते उजवीकडं, ऐकू आलं होतं ना तुला? मग उजवीकडं कशाला वळलीस? सरळ मधून निघून जायचंस!"

पोर खाली बघत होती. ओरडणारी कोण, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी नाव घेत नव्हती. घरात आमटी वाढणाऱ्या बाईचं नाव ती कसं घेणार?

"बाई," मी म्हणाले. "तिला बोलू नका. वरडले ती मी. काल तिचा पाय चोळताना तिनं मला सांगितलं हुतं, अन् मी ते मैदानात काढलं. आमच्या गावात असं करत न्हाईत. चुकलं माझं."

बारा पोरी माझ्याकडं बघायला लागल्या. तेवढ्यात पाहुणीच म्हणाली,

"मावशी, मला वाटलं तुमी मलाच सांगताय. कुठनं जाऊ ते. म्हणून मी वळले."

आता हसावं की रडावं? तिच्या संघातली एक पोर फिस्सकन हसली, मग दुसरी, मग बाईसुद्धा. मी हसत होते आणि डोळे पुसत होते. ज्या पोरीनं ऐन घाईत माझ्यावर भरवसा ठेवला, तिलाच मी पकडून दिलं होतं.

बाई म्हणाल्या, "ताई, निकाल काही बदलत नाही. बघणाऱ्यांच्या बोलण्यावर पंच काय करणार? पण एक करा. तीन वाजता आमचा तिसऱ्या नंबरचा सामना आहे. आमच्या मुलींना टाळ्या वाजवायला इथं कुणी नाही. तुम्ही आमच्याकडं येऊन बसा."

मी तशीच भिंतीपाशी गेले आणि खालून मालकांना हाक मारली. सगळं सांगितलं. ते काही लागेल असं बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "म्हंजे घरात मीच एकटा न्हाई तर!"

"चला खाली. तीन वाजता तिकडच्या पोरींसाठी बसायचंय."

"मला मैदानात बंदी हाय."

"ती आपल्या पोरीच्या मॅचला. ही मॅच दुसऱ्यांची हाय."

त्यांनी विचार केला आणि टेम्पोतून उडी मारली.

तीन वाजता आम्ही दोघं भंडारदऱ्याच्या बाजूला बसलो. आमच्या गावचे लोक लांबून बघत होते, कुणी कुणी टोमणेही मारले. "काय टेम्पोवाले, पार्टी बदलली का?" मालक म्हणाले, "पाहुण्यांकडचे वऱ्हाडी हावोत आज." सामना सुरू झाला. एका क्षणी पंचांनी पाहुण्यांच्या विरुद्ध शिट्टी दिली, तसे हे अर्धे उठले, "ओ पं..." मी त्यांचा गुडघा दाबला. ते खाली बसले आणि टाळ्याच वाजवायला लागले. चुकीच्या वेळी, एकटेच. समोरच्या संघाची एक पोर फार सुंदर निसटली तेव्हा त्यांच्या तोंडून "व्वा! काय पळाली राव!" असं निघून गेलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ही आपली न्हाई व्हय? जाऊ दे, पळाली तर झ्याकच." त्यानंतर ते दोन्हीकडच्या पोरींना शाबासकी द्यायला लागले. आवाज तोच, भिंतीपलीकडं जाणारा. फक्त त्यातून आता निघत होतं ते ऐकून पोरी हसत होत्या आणि आणखी जोरात पळत होत्या.

पाहुण्या तिसऱ्या आल्या. आमची पाहुणी पळत येऊन माझ्या गळ्यात पडली. तिच्या घामानं माझा खांदा ओला झाला.

मी मान वर केली तर आमची मुलगी पलीकडच्या कडेला एकटी उभी होती. कधीपासून बघत होती कोण जाणे. ती चालत आली. आधी पाहुणीशी बोलली, दोघी खाली बसून काहीतरी कुजबुजल्या, पाहुणीनं घोटा दाखवला, हिनं तो दाबून बघितला. मग माझ्याकडं वळली.

"ती म्हणती, तू सगळ्यांसमोर सांगितलंस."

"व्हय."

"तू? सगळ्यांसमोर?"

धुण्याच्या दगडापाशी होता तोच 'तू' होता, पण आता त्याचा सूर वेगळा होता. ती बुटाची नाडी बांधायला वाकली आणि खाली बघतच म्हणाली, "मी उतरते अंतिमला. पप्पा, टेम्पोवर चढू नका. हितंच बसा."

अंतिम सामना आम्ही हरलो. दोन गुणांनी. शेवटची शिट्टी झाली तसे मालक उठून तडक पंचांकडं निघाले. गावातले लोक सावरून बसले, सर धावले, पंच एक पाऊल मागं सरकले. यांनी जाऊन त्यांच्यासमोर पाण्याची बाटली धरली. "सकाळधरनं उन्हात उभं हायेत. घ्या." पंचांनी आधी बाटलीकडं बघितलं, मग यांच्याकडं, आणि घटाघटा पाणी प्यायले. मग आम्ही दोघांनी जिंकलेल्या मुलींना टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळीचा आवाज कुणाला ऐकू आला नसेल, पण हात लाल होईपर्यंत वाजवल्या.

पोर हरून आली, पण रडत नव्हती. पाणी प्यायली, तोंड पुसलं.

"आई, पुढच्या महिन्यात भिंगारला निवड हाय जिल्ह्याच्या संघाची. सरांनी माझं नाव दिलंय."

"बरं," मी म्हणाले.

"दोघंबी या."

मालकांनी खाकरून घसा साफ केला. "बोललं तर चालंल?"

"तुमचं चालंल," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बोट दाखवून हसायला लागली. "हिच्याशेजारी बसा मात्र. अन् ही उठाया लागली की धरा हिला!"